हात वाचवायचे तर पाच महिने लक्ष हवे

प्रतिकारशक्ती दाबणारे औषध म्हटले की बहुतेकांना मूत्रपिंड प्रत्यारोपण आठवते. नागपूरच्या सरकारी सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून अशी प्रत्यारोपणे होत आहेत. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराने परके समजून नाकारू नये म्हणून त्या रुग्णांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. मात्र यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनसारख्या गावात याच वर्गातले एक जुने, स्वस्त औषध त्याहून कितीतरी जास्त लोकांच्या पोटात जाते. त्याचे नाव प्रेडनिसोलोन. लोक त्याला 'स्टेरॉइडची गोळी' म्हणतात. दमा, सांधेदुखी, अंगावरची ॲलर्जी अशा अनेक दुखण्यांवर ती दिली जाते. आपल्या भागात तिचे आणखी एक काम आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. कुष्ठरोगात अचानक निकामी होऊ लागलेल्या नसा वाचवण्याचे ते काम.

या गोळीवर गेल्या पंचवीसेक वर्षांत चांगले संशोधन झाले आहे. किती मात्रा, किती आठवडे, कोणाला, केव्हा, या प्रश्नांची बऱ्यापैकी स्पष्ट उत्तरे मिळाली आहेत. त्यांतला बराचसा पुरावा भारतातल्याच रुग्णांवरून आला आहे. तरीही कोणाचे बोट वाकडे होईल आणि कोणाचे वाचेल, हे आजही गोळीच्या गुणापेक्षा गावातल्या तपासणीवर ठरते. सरकारने आणि आपण सर्वांनी लक्ष द्यायला हवे ते या तपासणीकडे.

'कुष्ठरोग आता राहिला कुठे?' असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. डिसेंबर २००५ मध्ये देशात दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण अशी स्थिती आली आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. त्या घोषणेचा अर्थ अनेकांनी 'रोग संपला' असा घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगभरात १,८२,८१५ नवे रुग्ण आढळले. त्यांपैकी १,०७,८५१ एकट्या भारतातले होते. म्हणजे जगातील दर दहा नव्या रुग्णांपैकी जवळपास सहा आपले. महाराष्ट्रात या रोगाचे ओझे सगळीकडे सारखे नाही. विदर्भाचा पूर्वेकडचा पट्टा त्यात जुना. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारले आणि बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन वसवले. या तिन्ही संस्था विदर्भात उभ्या राहिल्या, कारण रुग्ण इथे होते. वणीहून वरोरा काही फार लांब नाही. मुकुटबनच्या जुन्या माणसांना आनंदवन हे नाव पुस्तकातून कळलेले नाही.

रोगावरचे औषध आज उत्तम आहे. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन यांचा एकत्रित उपचार, म्हणजे एमडीटी, १९८० च्या दशकापासून वापरात आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की जंतू मरतात. पहिल्या काही मात्रांनंतरच रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका जवळजवळ संपतो. इथवरची गोष्ट आशा सेविका घरोघरी सांगतात आणि ती खरी आहे. पुढची गोष्ट मात्र सांगायची राहून जाते.

कुष्ठरोगाचा जंतू नसांमध्ये घर करतो. मेल्यावरही त्याचे अवशेष तिथे बराच काळ राहतात. शरीराची प्रतिकारशक्ती कधी अचानक जागी होते आणि त्या अवशेषांवर तुटून पडते. नस सुजते. कोपरापाशी, गुडघ्याच्या बाजूला, घोट्याजवळ नसा अरुंद जागेतून जातात. तिथे सुजलेली नस दाबली जाते आणि आतल्या तंतूंचे नुकसान होते. जुने चट्टे लाल होतात, फुगतात. हाताच्या करंगळीकडच्या बाजूची संवेदना जाते, मूठ ढिली पडते, पाऊल उचलता येईनासे होते किंवा एका डोळ्याची पापणी पूर्ण मिटत नाही. दवाखान्यात याला 'रिॲक्शन' म्हणतात. ती उपचाराआधी येऊ शकते, उपचार चालू असताना येऊ शकते आणि गोळ्या संपल्यावरही येऊ शकते. काही वेळा तर ना लाली, ना दुखणे. नस गुपचूप निकामी होत जाते आणि रुग्णाला चटका बसल्यावरच कळते.

म्हणजे इथे इजा करणारा मुख्य हात जंतूचा नसून आपल्याच प्रतिकारशक्तीचा असतो. म्हणून एमडीटीने ही इजा थांबत नाही. तिच्यासाठी प्रतिकारशक्तीला काही काळ आवर घालणारे औषध लागते आणि ते औषध म्हणजे प्रेडनिसोलोन. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर मात्र चित्र उलटे दिसते. गोळ्या सुरू केल्या आणि महिन्या-दोन महिन्यांत चट्टे भडकले, हात दुखू लागला, बोटे वळेनाशी झाली. 'औषध मानवले नाही, उष्ण पडले' असे म्हणून तो एमडीटी बंद करतो. गावात दोन-चार जणांना सांगतोही. एका रुग्णाची न ओळखलेली रिॲक्शन अशी आणखी काही जणांना उपचारापासून लांब ठेवते.

हाताची संवेदना जाणे म्हणजे काय, हे कष्टकरी भागात वेगळे सांगावे लागू नये. मुकुटबन परिसरात कापूस आहे, कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आहे आणि आसपास कोलामांचे पोड आहेत. कापूस वेचताना बोंडाची वाळकी टोके बोटांना टोचतात. संवेदना असलेला माणूस हात मागे घेतो, नसलेला वेचत राहतो. चुलीवरचे भांडे उतरवताना पोळते आणि कळत नाही. अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेने चालताना तळव्यात काटा मोडतो आणि तो चार दिवसांनी पू झाल्यावर सापडतो. कुष्ठरोगाने बोटे 'गळत' नाहीत. बधिर हातापायांना झालेल्या, लक्षात न आलेल्या जखमा चिघळतात, हाडापर्यंत जातात आणि त्यातून बोटे झडतात. हा सगळा पुढचा प्रवास टाळण्याची संधी सुरुवातीच्या काही महिन्यांत असते.

त्या संधीचा उपयोग कसा करायचा, याचे संशोधन फार उशिरा झाले. कॉर्टिसोन हे पहिले स्टेरॉइड १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला दिले आणि दोन वर्षांत त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर स्टेरॉइडे कुष्ठरोगाच्या रिॲक्शनमध्येही वापरली जाऊ लागली. गुण येतो हे डॉक्टरांना दिसत होते. पण किती मात्रेने सुरू करायचे आणि किती दिवस द्यायचे, हे अनेक दशके अनुभवावर चालले. हा गरिबांचा रोग आणि हे पेटंट नसलेले औषध. त्यावर पैसा लावून चाचणी करण्यात कोणत्या कंपनीला रस असणार? जागतिक आरोग्य संघटनेने क्षेत्रीय कार्यक्रमांसाठी सुचवलेला कोर्स बराच काळ १२ आठवड्यांचा होता.

या कोर्सची खरी परीक्षा भारतात झाली. सहा केंद्रांतील ३३४ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला रोज ६० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू कमी करत पाच महिने गोळी दिली. दुसऱ्याला ३० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच महिने. तिसऱ्याला ६० मिलिग्रॅमपासून, पण तीनच महिने. कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे हे रुग्णाला आणि डॉक्टरला माहीत नव्हते. कोर्स पुरेसा न पडल्याने जादा स्टेरॉइड कितीजणांना लागले, हे मोजले. तीन महिन्यांच्या गटात हे प्रमाण ४६ टक्के होते, पाच महिन्यांच्या कमी मात्रेच्या गटात ३१ टक्के आणि पाच महिन्यांच्या जास्त मात्रेच्या गटात २४ टक्के.

या आकड्यांत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट दडली आहे. तीन महिन्यांच्या गटाच्या पोटात एकूण २.९४ ग्रॅम औषध गेले. पाच महिन्यांच्या कमी मात्रेच्या गटाच्या पोटात फक्त २.३१ ग्रॅम. औषध कमी गेले आणि गुण जास्त आला. म्हणजे जोरात सुरू करून लवकर आटोपण्यापेक्षा बेताने सुरू करून टिकून राहणे फायद्याचे ठरले. नसेतला दाह तीन महिन्यांत विझत नाही, हे त्याचे कारण असावे. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हा निष्कर्ष मोलाचा आहे, कारण स्टेरॉइडचे बरेच दुष्परिणाम मात्रेबरोबर वाढतात.

मग पाच महिन्यांनी एवढा फायदा, तर आठ महिन्यांनी आणखी व्हावा, असे वाटणे साहजिक होते. तेही तपासले गेले. भारतासह आशियातील अनेक केंद्रांत साडेआठशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एका गटाला २० आठवडे, दुसऱ्याला ३२ आठवडे प्रेडनिसोलोन. सर्व रुग्णांच्या नसांचे नुकसान अलीकडचे, सहा महिन्यांच्या आतले होते. दीड वर्षाने पाहिले तर दोन्ही गटांत सुमारे ७८ टक्के रुग्णांच्या नसा सुधारल्या होत्या. जादा तीन महिन्यांचा सरसकट फायदा काही नव्हता. औषध लांबवायला नको, हे कळणेही संशोधनाचे फळच आहे.

नस निकामी होऊन सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेल्या रुग्णांना स्टेरॉइड दिले तर काय होते, हे त्याआधीच्या एका चाचणीने पाहिले होते. उत्तर निराशाजनक होते. गोळी घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक दिसला नाही. नेपाळ आणि बांगलादेशात सहाशेहून अधिक रुग्णांना एमडीटीबरोबर पहिले चार महिने खबरदारी म्हणून थोडे स्टेरॉइड देऊन पाहिले. तेवढा काळ रिॲक्शन कमी झाल्या, पण वर्षअखेर तो फायदा उरला नाही. म्हणून सरसकट सर्वांना आधीच गोळी द्यायची हाही मार्ग बंद झाला.

नव्या औषधांचे काय? प्रत्यारोपणात वापरले जाणारे ॲझाथायोप्रिन भारतात सुमारे साडेतीनशे रुग्णांवर प्रेडनिसोलोनच्या जोडीने तपासले गेले. त्याने अधिकचा फायदा झाला नाही. सायक्लोस्पोरिनने प्रत्यारोपणाची दुनिया बदलली. इथिओपियात कुष्ठरोगाच्या रिॲक्शनवर ते वापरून पाहिले. नुसत्या प्रेडनिसोलोनच्या तुलनेत आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण त्याने घटले नाही. महाग आणि नवे ते अधिक गुणकारी, हा आपला समज इथे तरी खरा ठरलेला नाही.

रिॲक्शनचा दुसरा एक प्रकार आहे. त्यात अंगावर दुखऱ्या लाल गाठी येतात, ताप येतो, सांधे, डोळे आणि नसा सुजतात. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येतो. त्यावर थॅलिडोमाइड चांगले काम करते, हे जेकब शेस्किन या डॉक्टरांना १९६० च्या दशकात जेरुसलेममध्ये आढळले. झोपेची गोळी म्हणून विकल्या गेलेल्या याच औषधाने त्याआधी युरोपात हजारो बाळे हातापायांच्या व्यंगासह जन्मली होती आणि १९६१ मध्ये ते बाजारातून काढावे लागले होते. म्हणून गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला ते द्यायचे तर फार कडक बंधने पाळावी लागतात आणि व्यवहारात बहुतेकदा पर्याय पुन्हा प्रेडनिसोलोनचाच राहतो. अशा रुग्णांत गोळी सुटत नाही. कमी केली की गाठी येतात, वाढवली की दुष्परिणाम. या रुग्णांसाठी नव्या औषधांची खरी गरज आहे आणि त्यांना तालुका पातळीवर अडकवून न ठेवता मोठ्या रुग्णालयात पाठवायलाच हवे.

आता सुरक्षिततेकडे वळू. स्टेरॉइड म्हटले की लोकांच्या मनात २०२१ चा उन्हाळा जागा होतो. कोविडमध्ये ज्यांना ऑक्सिजन लागत होता अशा रुग्णांचे मृत्यू डेक्सामिथॅसोनने कमी होतात, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने २०२० मध्ये दाखवले. त्याच चाचणीत ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना फायदा दिसला नव्हता. आपल्याकडे मात्र सौम्य आजारातही, जास्त मात्रेत आणि रक्तातली साखर न बघता स्टेरॉइडे दिली गेली. नंतर काळ्या बुरशीने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे आणि जबडे नेले. त्यामागे मधुमेह आणि स्टेरॉइडचा अनिर्बंध वापर ही मोठी कारणे होती. औषध तेच; कोणाला, किती आणि कोणत्या देखरेखीखाली, यावर ते जीव वाचवते किंवा घेते.

कुष्ठरोगातही हेच लागू आहे. पाच महिने प्रेडनिसोलोन घेताना साखर वाढू शकते, रक्तदाब वाढू शकतो, जठरात जळजळ होते, चेहरा सुजल्यासारखा गोल होतो. दबलेला क्षयरोग उफाळू शकतो. दीर्घकाळ चालले तर मोतीबिंदू होतो, हाडे ठिसूळ होतात. शेतातल्या मातीतून अनवाणी पायांवाटे शरीरात शिरणारा एक बारीक जंत एरवी आतड्यात गप्प असतो. प्रतिकारशक्ती दबली की तो अंगभर पसरून जिवावर बेतू शकते. शिवाय काही आठवडे गोळी घेतल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. इथिओपियातील एका रुग्णालयात गाठींच्या रिॲक्शनमुळे दाखल झालेल्या रुग्णांचे मृत्यू अभ्यासले गेले, तेव्हा बऱ्याच मृत्यूंमागे दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडची गुंतागुंत दिसली. चाचण्यांमध्ये गंभीर दुष्परिणाम कमी आढळतात, कारण तिथे रुग्ण आधी तपासून घेतलेले असतात, दर महिन्याला बोलावले जातात, चुकले तर घरी माणूस जातो. चाचणीतली गोळी आणि मुकुटबनच्या रुग्णाच्या हातातली गोळी एकच. तिच्याभोवतीची ही व्यवस्था मात्र आपोआप गावात येत नाही.

उलट गावात दुसरीच एक व्यवस्था कधीपासून रुजलेली आहे. गुडघे दुखतात, कंबर धरली, दम लागतो म्हणून माणूस जवळच्या 'डॉक्टर'कडे जातो आणि बिननावाच्या पुडीत चार रंगांच्या गोळ्या मिळतात. त्यात अनेकदा स्टेरॉइड असते. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून पुडी पुन्हा पुन्हा आणली जाते. मात्रा माहीत नाही, नाव माहीत नाही, कधी आणि कशी कमी करायची हे कोणी सांगितलेले नाही. खाजेसाठी औषध दुकानातून सहज मिळणाऱ्या मिश्र मलमांतही स्टेरॉइड असते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर ते चोळले तर लाली कमी होते, चट्टा बसल्यासारखा वाटतो आणि निदान लांबते. म्हणजे एकाच तालुक्यात एकीकडे ज्याला गरज नाही त्याला स्टेरॉइड सहज मिळते आणि दुसरीकडे ज्याची मूठ ढिली पडत चालली आहे त्याच्यापर्यंत ते वेळेत पोहोचत नाही. या विषयातली मोठी लाजिरवाणी गोष्ट ही आहे.

यावर काही डॉक्टर म्हणतील, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाच महिने स्टेरॉइड देणे धोक्याचे. रुग्णाला यवतमाळ, चंद्रपूर किंवा नागपूरलाच पाठवावे. त्यांची भीती खोटी नाही. वर सांगितलेले सगळे धोके खरे आहेत. पण रोजमजुरी करणाऱ्या माणसाला ऐन वेचणीच्या दिवसांत दर महिन्याला जिल्ह्याच्या गावी जायला सांगणे म्हणजे तो जाणार नाही हे गृहीत धरणे. मजुरी बुडते, भाडे लागते, सोबत माणूस लागतो. तो एकदा जातो, दुसऱ्यांदा जात नाही आणि मध्येच गोळी सोडतो. तेव्हा धोका टाळल्याचे समाधान डॉक्टरला मिळते, धोका मात्र रुग्णाच्या घरी जातो. गुंतागुंतीचे रुग्ण वर पाठवावेत, साध्या रिॲक्शनचा उपचार गावाजवळ व्हावा आणि गावाजवळच्या केंद्राला त्यासाठी तयार करावे, हा शहाणपणाचा मार्ग आहे.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी महाग नाहीत. पहिली गोष्ट, एमडीटी चालू असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या नसांची दर महिन्याला तपासणी. त्याला यंत्र लागत नाही. बॉलपेनच्या टोकाने तळहात आणि तळव्यावर ठरलेल्या जागी हलका स्पर्श करायचा, डोळे मिटलेल्या रुग्णाने ती जागा दाखवायची. करंगळी बाजूला ताणून धरता येते का, अंगठा वर उचलता येतो का, टाचेवर चालता येते का, डोळे घट्ट मिटतात का, हे पाहायचे. दहा-पंधरा मिनिटांचे काम. ते आशा सेविकेच्या यादीतील आणखी एक विनामोबदला काम होऊ नये. त्यासाठी प्रशिक्षण आणि ठरलेला मोबदला हवा. दुसरी गोष्ट, गोळ्या संपल्यावर रुग्णाचे नाव यादीतून काढले तरी तपासणी थांबू नये. रिॲक्शन नंतरही येते; निदान दोन वर्षे तरी दर तीन महिन्यांनी हात-पाय-डोळे पाहायला हवेत.

तिसरी गोष्ट, स्टेरॉइड सुरू करण्याआधी रक्तदाब आणि साखर मोजणे, खोकला-ताप-वजन विचारून क्षयाची शंका घेणे आणि जंताचे औषध देणे. हे सगळे प्राथमिक आरोग्य केंद्रात आजही होऊ शकते. चौथी गोष्ट, पाच महिन्यांचा पूर्ण साठा. तिसऱ्या महिन्यात गोळ्या संपल्या आणि पुढच्या आल्या नाहीत, तर २००६ च्या चाचणीतल्या सर्वांत कमी गुण आलेल्या गटात आपण रुग्णाला स्वतःच्या हाताने ढकलतो. पाचवी गोष्ट, रुग्णाच्या हातात एक साधे कार्ड. कोणत्या पंधरवड्यात किती गोळ्या, हे चित्रांनी दाखवलेले, आणि ठळक अक्षरांत सूचना: 'बरे वाटले तरी एकदम बंद करू नका.' कोलामी आणि तेलुगू बोलणाऱ्या घरांत ते समजावून सांगणारे माणूसही हवे.

आणखी एक मागणी अहवालांबाबत. कुष्ठरोगाचे सरकारी अहवाल नवे रुग्ण किती आणि त्यांतले विकृती असलेले किती, हे मोजतात. ते हवेच. पण किती रुग्णांत रिॲक्शन आढळली, किती जणांना ती सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड मिळाले, किती जणांनी कोर्स पूर्ण केला आणि वर्षाने किती जणांच्या नसा सुधारल्या, हे तालुकानिहाय मोजून जाहीर करावे. चाचणीत दहांपैकी जवळपास आठ रुग्ण सुधारले. आपल्या तालुक्यात दहांपैकी किती सुधारतात? हा साधा प्रश्न विचारला गेला तर औषधाची खरी परिणामकारकता कळेल. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आणि जिल्हा कुष्ठरोग विभागाने मिळून असा अभ्यास हाती घेतला, तर ते संशोधन परदेशी नियतकालिकातल्या कोणत्याही लेखाइतकेच उपयोगी ठरेल.

वाचकांसाठी सांगायचे ते थोडक्यात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श, उष्णता किंवा टोचणे कळत नसेल, तर मलम लावू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तपासणी आणि उपचार फुकट आहेत. कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू असताना किंवा संपल्यानंतर चट्टे भडकले, कोपर किंवा गुडघ्याजवळची नस दुखू लागली, मूठ ढिली पडली, चप्पल पायातून निसटते आहे हे लक्षात आले नाही किंवा डोळा मिटेनासा झाला, तर त्याच आठवड्यात दवाखान्यात जा. एमडीटी स्वतःहून बंद करू नका. स्टेरॉइड सुरू झाले असेल तर ते स्वतःहून वाढवू नका, दुसऱ्याला देऊ नका आणि एकदम सोडू नका. मात्रा डॉक्टरच ठरवतील. बदल हवा असेल तर त्यांनाच विचारा.

आणि घरात, शेजारी, शेतावर कोणाला हा आजार असेल, तर त्याचा हात हातात घेऊन करंगळी सरळ होते का, एवढे बघायला काहीच हरकत नाही. उपचार घेणाऱ्या माणसाला शिवल्याने रोग लागत नाही. हातातला हा बदल डॉक्टरच्या आधी घरच्यांनाच दिसतो आणि तो पहिल्या काही आठवड्यांत दिसला, तर पाच महिन्यांच्या स्वस्त गोळीने तो हात पुन्हा कापूस वेचू शकतो.